टाके सुकले, आग राहिली

हर्नियाच्या ऑपरेशनला आमच्याकडे कोणी ऑपरेशन मानत नाही. सकाळी दाखल व्हायचं, दुसऱ्या दिवशी घरी, महिन्याभरात कामावर. माझंही तसंच झालं. उजव्या जांघेत फुगवटा होता, खोकलं की बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. सर्जननी चीर देऊन जाळी बसवली. जाळी आजही जागेवर आहे, फुगवटा परत आलेला नाही आणि व्रण इतका बारीक आहे की शोधावा लागतो. कामात नाव ठेवायला जागा नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी सर्जनला शिव्या घालायचा.

जखमेचं दुखणं ओसरलं आणि मग खरं दुखणं वर आलं. जखमेचा ठणका ओळखीचा असतो. रोज थोडा उतरतो, हात लावला नाही तर गप्प बसतो. हे तसं नव्हतं. व्रणाखाली वीतभर भागात दिवसभर भगभग, मिरच्या वाटलेला हात लागल्यावर होते तशी. मधूनच एक चमक निघायची ती जांघेतून थेट वृषणापर्यंत जायची. त्यातून व्रणालगतची कातडी बधिर, आणि तिच्या बोटभर पलीकडे चड्डीचा काठ नुसता घासला तरी डोळ्यांत पाणी. तळहाताने घट्ट दाबून धरलं तर सुसह्य व्हायचं, हलकं घासलं की संपलं. एकाच जागी बधिरही आणि हुळहुळंही, असं सांगितलं की समोरचा माझ्याकडे जरा निरखून बघायचा.

मी विक्रोळी पूर्वेला राहतो, कन्नमवार नगरात. नोकरी फोर्टात, हिशेबाची. विक्रोळीला फास्ट थांबत नाही, त्यामुळे सीएसएमटीपर्यंत स्लोने जायचं. या प्रवासात बसायला मिळालं तर माणूस स्वतःला भाग्यवान समजतो. मी बसलो की जांघ दुमडायची, पट्टा नेमका त्याच जागी रुतायचा आणि विद्याविहार यायच्या आत आग पेटलेली असायची. चौथ्या सीटचं तर विचारूच नका. अर्ध्या बुडावर टेकायचं आणि बाकीचा तोल मांडीवर सांभाळायचा. उभं राहावं तर कुर्ल्याला चढणाऱ्यांच्या बॅगा, त्याही बरोबर त्या उंचीवर. सॅक सगळेच पुढे घेतात, मी ती अंगापासून चार बोटं लांब, दोन्ही हातांनी धरून उभा राहायचो. लोकांना वाटायचं आत काहीतरी फुटण्यासारखं आहे.

एसी लोकलचा पासही काढून बघितला. धक्के जरा कमी बसले, पण वरून येणारा गार झोत पँटमधून लागायचा आणि आग वाढायची. गार लागून आग होते हे तोवर मला माहीत नव्हतं. दिव्यांगांच्या डब्यात चढायला प्रमाणपत्र लागतं. पन्नाशीचा धडधाकट दिसणारा माणूस, मी काय दाखवणार?

जागाही अशी की चारचौघांत नाव घेता येत नाही. ऑफिसात 'कंबर धरलीय' म्हणून सांगायचो आणि मग कमरेवरचे सगळे उपाय ऐकून घ्यायचो. शेजारचे तात्या मात्र आडपडदा ठेवणारे नव्हेत. जिन्यात, दोन बायका भाजी घेऊन वर येत असताना, मोठ्याने विचारलं, "काय रे, तुजां दुखणां अजून सरूक नाय? हार्नियाच होतो मां तो?"

डॉक्टरांच्या फेऱ्या थोडक्यात सांगतो, कारण त्यांत सांगण्यासारखं फारसं नाही. सर्जननी सोनोग्राफी करून घेतली. हर्निया परत आलेला नाही, जाळी हललेली नाही, 'नस जरा दुखावली असेल, जाईल'. चमक वृषणात जाते म्हणून मूत्रविकारतज्ज्ञांकडे गेलो. तिथेही सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक, म्हणजे नेहमीची दुखण्याची गोळी दिली, ती खाऊन ॲसिडिटी झाली, मग ॲसिडिटीची गोळी आली. एका डॉक्टरांनी घरी काही ताण आहे का, असं विचारलं. ताण होताच, तो याच दुखण्याचा होता. आता कळतं की सोनोग्राफीत जाळी दिसते, आतडं दिसतं, पण नस उगाच ओरडतेय की नाही ते दिसत नाही. तेव्हा मात्र नॉर्मल रिपोर्टांची ती फाइल काखेत मारून घरी येताना आपणच खोटे ठरल्यासारखं वाटायचं.

भाचेसून नर्स आहे. तिने सांगितलं, "मामा, पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत दुखण्याची वेगळी ओपीडी असते. भूलवाले डॉक्टर चालवतात." भूलवाल्यांचं माझ्याकडे काय काम, असं मनात आलं. पण नसांचे रस्ते कुठून कुठे जातात आणि त्या बधिर कशा करायच्या, हे रोजचं काम त्यांचंच. एका सकाळी परळला जाऊन केसपेपर काढला. बाकावर जागा होती तरी भिंतीला टेकून उभा राहिलो.

डॉक्टर मुलीच्या वयाच्या. आतापर्यंत सगळ्यांनी 'दहापैकी किती दुखतं' असं विचारलं होतं. ह्या म्हणाल्या, "काका, किती ते नंतर. कसं दुखतं ते सांगा." आग होते का? गार झोंबल्यासारखं होतं का? करंट बसतो का? मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज? मी हो, हो म्हणत गेलो. मग कापसाचा बोळा, बोथट सुई आणि स्पिरिटचा थंड बोळा फिरवून बघितला. दहा मुद्द्यांची ही एक ठरलेली प्रश्नावली आहे, त्यात चार किंवा जास्त जुळले की दुखणं नसेचं असण्याची शक्यता बळावते. माझे चाराच्या बरेच वर गेले.

त्यानंतर त्यांनी बॉलपेन घेऊन माझ्या पोटावर आणि मांडीवर नकाशाच काढला. बधिर भागाला वजाचं चिन्ह, झोंबणाऱ्या भागाला अधिकचं. जांघेत दोऱ्यासारख्या बारीक तीन नसा असतात: इलिओइंग्वायनल, इलिओहायपोगॅस्ट्रिक आणि जेनिटोफेमोरलची एक फांदी. हर्नियाची चीर, जाळी आणि टाके सगळे त्यांच्याच वाटेवर. नस टाक्यात सापडू शकते, जाळीभोवती होणाऱ्या चिवट पेशींत अडकू शकते, किंवा ऑपरेशनमध्ये नुसती ताणली गेली तरी बिघडते. सर्जनने जपलं तरी होतं. जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर शंभरातल्या साधारण दहा जणांना तीन महिन्यांनंतरही दुखणं उरतं, त्यातल्या थोड्यांना ते रोजची कामं अडवण्याइतकं असतं. सही करताना कागदावर हे कुठेतरी लिहिलेलं असणार. तोंडी मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ही गोष्ट तोंडी सांगायला हवी असं माझं ठाम मत आहे.

डायक्लोफेनॅक का चाललं नाही तेही तिथेच कळलं. ते औषध सूज उतरवतं आणि माझ्या जांघेत सूज नव्हतीच. जखम भरली तरी दुखावलेली नस संदेश पाठवत राहते. ते ऐकून ऐकून मज्जारज्जू इतका हळवा होतो की साधा स्पर्शही त्याला दुखणं वाटायला लागतो. दुखणं तसूभरही कमी झालं नव्हतं, तरी त्या दिवशी परळच्या पुलावर माझी चाल सुधारली होती.

जाण्याआधी त्यांनी अजून एक विचारलं, "यामुळे काय बंद पडलंय?" मी म्हटलं, भजन.

आमचं कॉलनीत भजनी मंडळ आहे. मी पखवाज वाजवतो. चतुर्थीच्या दिवसांत घरोघर आणि एरवी कधी डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा आमनेसामने भजनाचा सामना. बारी रंगली की दोन-तीन तास मांडी सोडायची नाही. ऑपरेशनपासून मी बसलोच नव्हतो. बुवांनी कांजूरचा एक पोरगा पखवाजाला घेतला होता आणि तो चांगला वाजवत होता, हे अजून वाईट. डॉक्टरांनी केसपेपरवर तेवढंच लिहिलं: मांडी घालून बसून वाजवता येणं. म्हणाल्या, "दुखणं शून्यावर येईल असं मी सांगणार नाही. तिसऱ्या हिश्श्याने उतरलं तरी आम्ही त्याला फरक म्हणतो, निम्मं उतरलं तर फारच छान. पण भजनाला बसता येतंय का, हे आपण धरून चालू." शून्य नाही म्हटल्यावर मी खट्टू झालो होतो. मागाहून वाटलं, आतापर्यंत भेटलेल्या सगळ्यांत हाच माणूस माझ्याशी खरं बोलला.

आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, कारण नसेच्या दुखण्यावर जे प्रीगॅबालिन द्यायचं होतं ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मग रात्री ७५ मिलिग्रॅमची एक गोळी. पुढे सकाळचीही सुरू केली आणि माझी विमानं उडायला लागली. बेरजा दोनदा तपासायच्या, उठलो की भोवंडायचं. एका संध्याकाळी विक्रोळी निघून गेलं आणि जाग आली ती ठाण्याला. उलटी गाडी पकडली, पुन्हा डोळा लागला आणि घाटकोपरला उतरलो. घरी ही म्हणाली, "अहो, पिऊन आल्यासारखे दिसताय." वजन वाढलं, घोट्यांना सूज आली. डॉक्टरांनी सकाळची गोळी काढली, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. ही औषधं मनाने थांबवायची नाहीत, झोप उडते, घाम फुटतो, दुखणं उसळून येतं.

त्याच्या जोडीला अमिट्रिप्टिलिन आलं, १० मिलिग्रॅम, झोपताना. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून काउंटरवरूनच विचारलं, "ही डिप्रेशनची आहे, तुम्हालाच का?" मागे सोसायटीचे सेक्रेटरी उभे. मेंदूकडून मज्जारज्जूत दुखणं दाबणारे जे निरोप खाली येतात त्यांना हे औषध बळ देतं, नैराश्यासाठी याचा डोस कितीतरी मोठा असतो, हे सगळं मला परळला समजावलं होतं. त्या गर्दीत मी फक्त "हो, मलाच" म्हटलं. तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना, इसबगोल सुरू केलं. पण झोप लागायला लागली. दुखणं तेवढंच, तरी रात्र अखंड मिळाली की सकाळी त्याच्याशी बोलायची ताकद असते. झोपेचा एवढा फरक पडेल असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

या गोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही डॉक्टरांनी आकड्यांत सांगितलं. प्रीगॅबालिन सात ते नऊ जणांनी घेतलं तर त्यांतल्या एकाचं दुखणं औषधामुळे निम्मं होतं. अमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या गोळ्यांत हे प्रमाण जरा बरं. म्हणून एक लागू पडली नाही तर दुसरी बघायची, दोन कमी प्रमाणात एकत्र द्यायच्या. हिशेबातला माणूस असल्यामुळे मला हे पटलं.

लिग्नोकेनची, म्हणजे कातडी बधिर करणाऱ्या औषधाची चिकटपट्टी कागदावर उत्तम आहे. १२ तास लावायची, १२ तास काढायची, झोंबणाऱ्या भागाएवढी कापून घ्यायची, केस कात्रीने बारीक करायचे. ऑक्टोबर हीटमध्ये सकाळी लावलेली पट्टी भायखळ्याला गुंडाळी होऊन पँटच्या पायातून खाली आली. शिवाय महाग. आता फक्त रात्री, पंख्याखाली, आणि दुखणं फारच चढलं असेल तरच.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी जे दिलं त्याला एक पैसा लागला नाही आणि ते मला सगळ्यात कमी दर्जाचं वाटलं होतं. हुळहुळ्या कातडीवर निरनिराळी कापडं फिरवायची, दिवसातून काही वेळा, पाच-पाच मिनिटं. आधी आईचं जुनं सुती लुगडं, मग बनियन, मग टॉवेल, शेवटी खरखरीत पंचा. कडेच्या न दुखणाऱ्या भागापासून सुरू करून आत यायचं, सोसेल तिथवरच, श्वास पोटातून घेत. स्पर्श म्हणजे धोका नव्हे, हे मज्जासंस्थेला पुन्हा शिकवायचं. वन रूम किचनमध्ये हे शिक्षण बाथरूममध्येच शक्य होतं. सकाळच्या पाण्याच्या वेळेला कडी लावून लुगडं घेऊन आत बसलो की बाहेरून लेक, "बाबा, झालं का?" लुगड्यावरून बनियनवर जायलाच कित्येक आठवडे लागले. पण आज चड्डीचा काठ मला जाणवत नाही, आणि याचं श्रेय मी गोळ्यांपेक्षा त्या लुगड्याला देतो.

इंजेक्शनचा दिवस वेगळा सांगायला हवा. कमरेच्या पुढच्या हाडाजवळ, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, पोटाच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये सुई नेऊन नसेभोवती भुलीचं औषध सोडतात. दुखणं त्याच नसांचं आहे का हेही त्यातून कळतं. सुई टोचली, आत दाब जाणवला, आणि थोड्या वेळाने मी उठलो तर आग नव्हती. कमी झाली होती असं नव्हे, नव्हतीच. हिला म्हटलं, "थांब," आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर चक्क मांडी घालून बसलो. वॉर्डबॉय ओरडला, "ओ काका, पाय खाली." औषध कधीकधी शेजारच्या नसेत उतरतं आणि पाय लुळा पडतो, म्हणून सोबत माणूस आणायला सांगतात आणि जिने उतरू देत नाहीत. रात्री जेवताना आग परत आली. फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला औषधात स्टेरॉइड होतं, त्याचा उतार काही आठवडे टिकला आणि त्या आठवड्यांत व्यायाम भराभर पुढे सरकले. इंजेक्शनचा खरा उपयोग तोच, असं डॉक्टरांचं म्हणणं.

नवरा-बायकोमधलं कोणी विचारत नाही, आपणही सांगत नाही. त्या चमकेच्या भीतीने मी हिच्यापासून लांब झोपायला लागलो होतो आणि हिने त्याचे वेगळेच अर्थ लावले होते. या दुखण्यात वीर्यपतनाच्या वेळी कळ येणं माहितीतलं आहे, हे डॉक्टरांनी अगदी सहज, रक्तदाब सांगावा तसं सांगितलं. ते ऐकायला ही शेजारी बसलेली होती, हे फार बरं झालं.

नसा कापून टाकायचं ऑपरेशनही असतं. त्या तिन्ही नसा छाटतात, गरज पडली तर जाळीही काढतात. घाई करत नाहीत, बाकीचे उपाय करून आणि बराच काळ थांबून मगच. बऱ्याच जणांना त्याने आराम पडतो, पण बधिरपणा कायमचा येतो आणि हमी कोणी देत नाही. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि नाही म्हटलं. दुखणं आजच्या दुप्पट असतं तर कदाचित हो म्हटलं असतं.

गाडीतही आता माझी पद्धत बसली आहे. पट्ट्याऐवजी गॅलस आणि कमरेला एक माप मोठी पँट. ऑफिसात थोडे दिवस 'साहेब आले' झालं, मग त्यांची नजर सरावली. बसायला मिळालं तर बसतो, पण आग चढायची वाट न बघता दादरला उठतो. सीएसएमटीला जाणारा माणूस हातची सीट दादरला सोडतो, हे डब्यातल्या लोकांना अजून झेपत नाही. एकाने बसण्याआधी सीट चाचपून बघितली, ओली आहे का म्हणून.

यंदा चतुर्थीला बसलो. थेट जमिनीवर नाही, खाली पाट आणि त्यावर उशी, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते आणि जांघ दुमडत नाही. पखवाजाखाली चौरंग. पहिला अर्धा भाग माझा, मग कांजूरचा पोरगा. गजराला पुन्हा मी. द्रुतला उजवा पाय आखडतो, ते त्याला कळतं आणि तो न सांगता सरकून येतो. दुसऱ्या दिवशी दुखणं चढतं. ते धरून मी रजा टाकलेली असते.

ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याला हर्निया निघालाय. कुठून तरी माझं ऐकून तो घाबरलाय. मी त्याला म्हटलं, ऑपरेशन टाळू नकोस, आतडं अडकलं तर जिवावर बेततं. आत्ताही दुखत असेल तर सर्जनला आधीच सांग, कारण आधी दुखणाऱ्यांना नंतर दुखायची शक्यता जास्त असते. तुझ्या बाबतीत दुर्बिणीतून होईल का ते विचार, त्यात हे दुखणं कमी जणांना उरतं. आणि नसांचं काय करणार तेही विचार, लाजू नकोस.

"आणि तरी तुमच्यासारखं झालं तर?"

"तीन महिने झाले आणि आग गेली नाही तर कंबर धरलीय म्हणून सांगत बसू नकोस. मला फोन कर, परळला केसपेपरची रांग कुठून सुरू होते ते दाखवतो."